संगणक बंद, गाणे चालू

नेटवर्क स्ट्रीमर (घरच्या नेटवर्कवरून संगीत घेऊन ॲम्प्लिफायरला देणारे यंत्र) घेतला की संगणक सतत चालू ठेवावा लागतो, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. गाण्यांच्या फायली कुठूनतरी पुरवल्या गेल्या पाहिजेत, एवढेच. ते काम नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी) चोख करते. अनेक स्ट्रीमरना पेनड्राइव्हही थेट चालतो. मोबाइलमधले ॲप फक्त हुकूम देते: गॅस सिलिंडर फोनवरून नोंदवला, तरी तो येतो एजन्सीच्या गोदामातूनच. ब्लूटूथचे मात्र वेगळे. तिथे आवाज फोनमधूनच जातो. एक बारकावा महत्त्वाचा. काही ॲप गाण्यांची यादी स्वतःकडेच ठेवतात, त्यामुळे ॲप बंद केले की चालू गाणे संपल्यावर पुढचे लागत नाही. यादी स्ट्रीमरमध्ये राहते का, हे खरेदीपूर्वी जरूर विचारा.