अंगठीत जपलेली सावली

एखाद्या अर्थमंत्र्याचे नाव चित्रकलेच्या प्रकाराला मिळावे, ही घटना विरळाच. एत्येन द सिलुएत हे मार्च १७५९ मध्ये फ्रान्सचे अर्थमंत्री झाले. युद्धामुळे रिता झालेला खजिना सावरण्यासाठी त्यांनी धनिकांवर कर बसविले, काटकसरीचा आग्रह धरला. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना पद सोडावे लागले. लोकांनी मात्र स्वस्त व त्रोटक गोष्टींना त्यांचे नाव जोडले. केवळ काळ्या छायेतून साकारणारे अल्पमोली व्यक्तिचित्र पुढे ‘सिल्हूट’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगापुढे आली. तत्पूर्वी रंगीत लघुचित्र सामान्यांना परवडत नसे. मेणबत्तीच्या उजेडात कागदावर पडलेली चेहऱ्याची सावली रेखाटून ती पँटोग्राफ या उपकरणाने लहान केली जाई. लीड्सचे जॉन मायर्स (१७५८-१८२१) हे या कलेतील अग्रणी. कवी रॉबर्ट बर्न्स यांची छायाकृती त्यांनी १७८७ मध्ये एडिंबरो येथे काढली. पुढे लंडनमध्ये त्यांचा व्यवसाय भरभराटीस आला. अंगठी, लॉकेट वा ब्रोच यांत बसतील अशा नखाएवढ्या चित्रांसाठी ते हस्तिदंताचा पातळ पत्रा वापरीत. चेहरा गडद काळा. केस आणि वस्त्रांची झालर मात्र विरळ रंगाच्या, पारदर्शक रेषांनी रंगविलेली असे.

मायर्स मूळ रेखाटने जपून ठेवीत व मागणीनुसार त्यांच्या प्रती करून देत. त्यामुळे व्यक्ती दूरदेशी गेली वा निवर्तली, तरी आप्तांना तिची सावली पुन्हा मिळविता येई. काही लॉकेटांच्या मागील बाजूस त्या व्यक्तीचे केसही काचेखाली जतन केलेले आढळतात.

असा अलंकार केवळ सोन्याच्या वजनावर तोलणे म्हणजे त्यातील चित्राचे मोल शून्य धरणे होय. कोंदण वितळविले की चित्र आपले घर गमावते आणि बहुधा नष्ट होते. खांद्याच्या कडेखाली चित्रकाराची स्वाक्षरी आहे का, हे भिंगाने पाहावे; छापील नक्कल असल्यास अनेकदा बारीक ठिपके दिसतात. सोने उजळविण्यासाठी हा दागिना पाण्यात बुडवू नये, कारण काचेआड ओल शिरल्यास रंग विरघळतो. प्रखर उन्हापासूनही तो दूर ठेवावा. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे; ब्रिटनमध्येही २०२२ पासून कठोर निर्बंध लागू आहेत. परदेशातून असा दागिना विकत घेण्यापूर्वी कायदेशीर सल्ला घेणे हिताचे.

काटकसरीच्या नावाने हिणविली गेलेली ही कला आज संग्रहालयांत मानाने विराजमान आहे. ज्यांना मोठे चित्र परवडले नाही, अशा कित्येकांचे चेहरे तिनेच आपल्यापर्यंत पोहोचविले.