पेडगावची चोपन्न अक्षरं

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार सगळ्यांनी ऐकलाय. त्यातलं पेडगाव कुठलं यावर वाद नको. मी म्हणतेय ते आपल्या परभणी जिल्ह्यातलं, मानवत रोडच्या बाजूला रेल्वेने निघालं की लागतं ते. हे नाव मेलमध्ये टाइप केलं की काय होतं ते बघू.

आपल्याला दिसतात चार अक्षरं. कॉम्प्युटर मात्रा आणि काना वेगळे मोजतो, म्हणजे सहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, झाले अठरा. पण मेल सर्व्हरची भाषा एसएमटीपी, ती जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिली तेव्हा त्यात फक्त सात बिटांची इंग्रजी अक्षरं धरली होती, आणि एक ओळ फार तर १००० अक्षरांची, शेवटच्या दोन खुणा धरून. मराठीला जागाच नाही!

मार्ग निघाला १९९२ साली. बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी माइम आणलं. त्यातली एक पद्धत क्वोटेड-प्रिंटेबल: इंग्रजी अक्षर तसंच राहतं, बाकी प्रत्येक बाइटचं बरोबरचं चिन्ह आणि दोन हेक्स आकडे होतात. म्हणजे आपलं पेडगाव ५४ अक्षरांचं! ओळीची मर्यादा ७६, तेव्हा एका ओळीत एकच पेडगाव मावतं. ओळ मध्येच तोडायची तर शेवटी बरोबरचं चिन्ह टाकतात, ‘ओळ अजून संपली नाही’ असं सांगायला. एखाद्या मेलमध्ये ही चिन्हं जागोजागी पडलेली दिसली, तर कुणीतरी डीकोड करायचं विसरलंय असं समजा. दुसरी पद्धत बेस६४. तिच्यात तीन बाइटांची चार अक्षरं, म्हणजे पेडगाव २४ मध्ये. मराठीला हीच स्वस्त. आज बरेच सर्व्हर आठ बिटही घेतात, पण वाटेतला एखादा जुना निघेल म्हणून मेल प्रोग्राम अजून एन्कोड करूनच पाठवतात.

अटॅचमेंटचं दुखणं वेगळं. टेलिप्रिंटरच्या काळापासून ओळ संपवायला दोन खुणा: कॅरेज रिटर्न (१३) आणि लाइन फीड (१०). विंडोज दोन्ही वापरतं, लिनक्स फक्त दुसरी. मेलला दोन्ही लागतात, म्हणून वाटेत कुणी एकट्या १० च्या आधी १३ घालू शकतं. पत्रात चालेल, फोटोत घातला तर फोटो गेला. म्हणून फाइल बेस६४ मध्ये जाते आणि सुमारे ३७ टक्के फुगते. २५ एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवरून जेमतेम १८ एमबीची फाइल का जाते, ते आता कळलं असेल.

मेल संपल्याची खूण म्हणजे ओळीवर एकटा टिंब. (तुमची ओळच टिंबाने सुरू झाली तर पाठवणारा आणखी एक टिंब लावतो, घेणारा काढतो.) गोची इथेच झाली. डिसेंबर २०२३ मध्ये एसईसी कन्सल्टने दाखवलं की नुसत्या लाइन फीडमधला टिंब एका सर्व्हरला साधा मजकूर वाटतो, पुढच्याला मेलचा शेवट. मग त्याच्यापुढचा मजकूर नवा मेल म्हणून स्वीकारला जातो, आणि त्यावर पाठवणाऱ्याचं नाव दुसऱ्याचंच घालता येतं. पोस्टफिक्स आणि सेंडमेलही यात सापडले. पोस्टफिक्सने लगेच नुसतं लाइन फीड नाकारायची सेटिंग दिली. लॅबमध्ये कुणी जुना सर्व्हर चालवत असेल तर त्याने ती बघून घ्यावी.