मनगटाचा अस्थिभंग आणि शेतकऱ्याचा हात

शेतीचीं अवजारें मोडलीं तर सुतार-लोहारांकडून दुरुस्त करून घेतां येतात, फार झालें तर नवीं आणतां येतात. परंतु तीं अवजारें ज्या हातानें धरावयाचीं तो हात कोणत्याही बाजारांत विकत मिळत नाहीं. असें असतां, बैल लंगडूं लागला तर त्याच दिवशीं गुरांच्या डॉक्टरास बोलावणारे आमचे कित्येक बांधव स्वतःच्या मोडलेल्या मनगटाविषयीं मात्र 'सूज उतरली म्हणजे पाहूं' असें म्हणून आठ-आठ दिवस काढतात. आम्ही वैद्य नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों आहों. तथापि या विषयांत अलीकडे जें ज्ञान झालें आहे तें शेतकऱ्यास समजेल अशा भाषेंत सांगावें, या हेतूनें हा लेख वाचकांस सादर करीत आहों.

माणूस पडूं लागला म्हणजे तोल सांवरण्यासाठीं हात आपोआप पुढें टेकतो आणि सर्व भार तळव्यावर येतो. अशा वेळीं कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकीं अंगठ्याच्या बाजूचें हाड मनगटाजवळ मोडतें. निसरडा बांध, कडब्याची गंजी, मोटारसायकल हीं नेहमींचीं कारणें होत. डिझेल इंजिन चालू करतांना हँडल उलट फिरल्यानेंही हें हाड मोडतें. पूर्वीं मोटारगाड्या हँडल मारून सुरू करीत, तेव्हां गाडी हांकणाऱ्यांत एका प्रकारचा भंग इतका नेहमींचा होता कीं इंग्रजी वैद्यकांत त्यास 'मोटारचालकाचा अस्थिभंग' असेंच नांव पडलें. उतारवयाच्या स्त्रियांचीं हाडें ठिसूळ झालेलीं असल्यास अंगणांत पाय घसरण्याचें निमित्तही पुरतें.

डब्लिन येथील शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनीं या भंगाचें वर्णन १८१४ सालीं प्रसिद्ध केलें. क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ सालीं. म्हणजे कॉलिस यांनीं जें ओळखलें तें आंतील हाडाचें छायाचित्र न पाहतां ओळखलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मॅथायसन या डच लष्करी शल्यवैद्यानें प्लास्टर लाविलेल्या पट्ट्या प्रचारांत आणल्या, आणि तेव्हांपासून हाड ओढून बसवावें व पांच-सहा आठवडे प्लास्टरमध्यें ठेवावें हीच मुख्य रीत झाली.

प्लास्टरनें हाड सांधतें, याविषयीं वाद नाहीं. परंतु शेतकऱ्याचें नुकसान पुष्कळदां हाड न सांधल्यानें होत नाहीं, तर हात आखडल्यानें होतें. भंगाच्या जागीं रक्त व द्रव सांचून बोटांपर्यंत सूज येते. पुराचें पाणी शेतांत तुंबून राहिलें म्हणजे गाळ बसून जमीन घट्ट होते. तद्वत् हालचालीवांचून सूज तशीच राहिली म्हणजे सांध्यांचीं वेष्टनें आकसतात व स्नायूंच्या दोऱ्या आसपासच्या भागास चिकटतात. मग प्लास्टर काढल्यावर हाड जुळलेलें, परंतु मूठ वळत नाहीं, अशी स्थिति होते. ज्याची मूठ वळत नाहीं त्यास विळा धरतां येत नाहीं, धार काढतां येत नाहीं, कासरा ओढतां येत नाहीं.

या दोषावर उपाय शोधतांना स्वित्झर्लंडांतील शल्यवैद्यांनीं १९५८ सालीं एक मंडळ स्थापिलें. मोडलेलें हाड धातूच्या साधनांनीं असें पक्कें बसवावें कीं सांधा लवकर हालवितां यावा, हें त्या मंडळाचें एक मुख्य तत्त्व होतें. मनगटासाठीं तें सुलभ झालें तें सन २००० च्या सुमारास, अमेरिकेंतील मायामी येथील शल्यवैद्य होर्हे ऑर्बे यांच्या व इतरांच्या प्रयत्नांनीं. तळहाताच्या बाजूनें छेद घेऊन हाडाचे तुकडे मूळ जागीं आणतात व त्यांवर धातूची प्लेट बसवितात. साधा स्क्रू प्लेटीस केवळ हाडावर आवळून धरतो, व हाड ठिसूळ असल्यास ढिला होतो. या नव्या प्रकारांत स्क्रूच्या माथ्यासही आटे असून तो प्लेटींतच घट्ट बसतो, व चौकटीस जोडलेल्या गजांप्रमाणें सर्व स्क्रू मिळून सांध्याच्या पृष्ठभागास खालून आधार देतात. त्यामुळें बहुधा एक-दोन आठवड्यांतच मनगट हळूहळू हालवूं देतात. मात्र हालविणें निराळें आणि भार उचलणें निराळें. हाड सांधण्यास प्लेट असली तरी सुमारें सहा आठवडे लागतातच. तोंपर्यंत पाण्याची घागरही त्या हातानें उचलूं नये.

म्हणून सर्वांनींच प्लेट बसवून घ्यावी काय? तसें नाहीं. ब्रिटनमध्यें ४६१ रुग्णांवर केलेली तुलना २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांचें हाड बाहेरून ओढून बसवितां येत होतें, अशांपैकीं कांहींस साध्या तारा व कांहींस प्लेट बसविली. वर्षअखेर दोहोंच्या हाताच्या उपयोगांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. साठ वर्षांवरील रुग्णांविषयीं ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील तुलनेंत प्लेट व प्लास्टर यांसंबंधींही २०२१ सालीं असेंच दिसून आलें. शिवाय प्लेटीमुळें जखम चिघळणें, अंगठ्याची दोरी घासून तुटणें, हीं संकटें क्वचित् संभवतात. तेव्हां सांध्याच्या आंत चीर गेलेली असणें, बसविलेलें हाड पुनः सरकणें, हाड कातडींतून बाहेर येणें, अशा प्रसंगीं शस्त्रक्रियेचा विचार विशेष करून होतो. 'माझें हाड प्लास्टरमध्यें टिकेल काय?' हा प्रश्न प्रत्येकानें अस्थितज्ज्ञास अवश्य विचारावा. प्लास्टर घातल्यास पहिल्या दोन आठवड्यांत पुनः क्ष-किरण छायाचित्र काढून घ्यावें. कारण सरकलेलें हाड वेळीं कळलें तर सुधारतां येतें, वांकडें सांधल्यावर तें काम फार अवघड होतें.

प्लेट असो वा प्लास्टर, पुढील नियम दोहोंसही सारखेच लागूं आहेत. हात मोडतांच अंगठी व बांगड्या काढाव्या. सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात. पहिले कांहीं दिवस हात छातीहून उंच ठेवावा. पहिल्या दिवसापासून, डॉक्टरांनीं मनाई केली नसल्यास, दर तासास बोटें पूर्ण मिटावीं व पूर्ण उघडावीं, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोंकास लावावा, कोपर वांकवावें आणि हात खांद्यापासून डोक्यावर न्यावा. प्लास्टर बोटांच्या मुळांवर येऊन मूठ अडवीत असेल तर तें लागलीच दाखवावें. बोटें बधिर, गार अथवा निळसर झालीं, किंवा वेदना वाढतच चालली, तर रात्र असली तरी रुग्णालयांत जावें.

हाडवैद्यांत कोणी अनुभवी असतीलही. परंतु सांध्यांतील चीर छायाचित्रावांचून कोणासही दिसत नाहीं. करकचून बांधलेल्या कामट्यांनीं रक्त अडून बोटें काळीं पडतात व प्रसंगीं हात तोडावा लागतो. मोडलेला हात चोळणें तर सर्वथा वर्ज्य होय. घरांतील वयस्क स्त्रीचें मनगट साध्या पडण्यानें मोडलें, तर तिच्या हाडांच्या ठिसूळपणाची तपासणीही करून घ्यावी. पुढें खुब्याचें हाड मोडण्याची ती पूर्वसूचना असूं शकते.

आमच्या जुन्या धंद्यास अनुसरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत अपघाती मृत्यूस व अवयव कायमचा निकामी झाल्यास साहाय्य आहे. मूठ अर्धीच वळते, एवढ्या नुकसानीची भरपाई मात्र तींत बसत नाहीं. तें नुकसान दरवर्षींच्या पेरणींत व सुगींत आपलें आपणांसच सोसावें लागतें. यासाठीं हाड बसविण्याचें काम तज्ज्ञावर सोंपवावें; बोटें हालविण्याचें काम मात्र ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.