गवाक्षातील पाऊल

राजाची सत्ता कशी जाते, असे वर्गात विचारले असता बहुधा एकच उत्तर येते : शत्रू चालून येतो, तट पडतो आणि राजा पळतो. वडनेर भोलजीच्या मुलांस आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजाचा जुना वाडा ठाऊक असल्याने, पडकी भिंत व गेलेली सत्ता यांची सांगड त्यांच्या मनात पक्की बसलेली असते. परंतु कविकुलगुरू कालिदासाने 'रघुवंशा'च्या शेवटच्या सर्गात याहून निराळे चित्र रेखाटले आहे. तेथे एकही भिंत पडत नाही, एकही शत्रू चालून येत नाही. तरीही सत्ता जाते. ते चित्र आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस थोडक्यात समजावून द्यावे, असे आम्ही योजिले आहे.

'रघुवंश' हे १९ सर्गांचे महाकाव्य होय. आरंभीचा दिलीप राजा वसिष्ठांच्या धेनूमागे २१ दिवस हिंडतो. त्याचा पुत्र रघू यज्ञात सर्वस्व दान करितो व दारी आलेल्या कौत्साचे स्वागत मातीच्या पात्राने करितो. रघूचा पुत्र अज आपल्या विदर्भाची राजकन्या इंदुमती हिला वरितो. पुढे रामचंद्र तर, लोक आपणांविषयी काय बोलतात, हे हेराकडून मुद्दाम ऐकून घेतो. या राजांचे वैभव त्यांच्या सिंहासनात नसून, ते सिंहासनावरून खाली उतरत असत, यात आहे.

आता अठराव्या सर्गातील एक लहानशी गोष्ट ध्यानात धरावी. सुदर्शन हा अवघ्या सहाव्या वर्षी गादीवर बसला. त्याचे पाय सोन्याच्या पादपीठापर्यंत पोहोचत नसत. ते अधांतरीच राहत. तरी मोठमोठे राजे त्या इवल्या पावलांपुढे मस्तक लववीत. पुढे त्याने राज्य निष्कंटक केले आणि वृद्धपणी ते पुत्र अग्निवर्ण यास सोपवून तो नैमिषारण्यात गेला.

अग्निवर्णास सारे आयते मिळाले. काही वर्षे त्याने कारभार पाहिला. मग तो मंत्र्यांवर टाकून तो गीत, नृत्य व मद्य यांत बुडून गेला. प्रजेस राजदर्शनाची आस होती. मंत्र्यांच्या भिडेस्तव तो कधी दर्शन देई, पण कसे? गवाक्षातून केवळ एक पाऊल बाहेर सोडून! आणि प्रजा त्या पावलासही वंदन करी.

बाप आणि मुलगा यांची ही दोन पावले शेजारी ठेवून पाहावीत. सुदर्शनाचे पाऊल लहान होते, पण त्यामागे राजा होता. अग्निवर्णाचे पाऊल पुरते वाढलेले होते, पण त्यामागे कोणी नव्हते. प्रजेची निष्ठा उणी झाली नव्हती. ती घ्यावयास राजाच उरला नव्हता. आमच्या मते सत्ता गेली ती याच क्षणी. पुढे राजास क्षय जडला. त्याने वैद्यांचे ऐकिले नाही. राजा पुत्रप्राप्तीसाठी अनुष्ठानास बसला आहे, असे मंत्री लोकांस सांगत राहिले. आणि तो निवर्तल्यावर रोगशांतीच्या मिषाने राजोद्यानातच गुपचूप त्याचे दहन केले. अखेरीस गर्भवती राणी वृद्ध मंत्र्यांच्या साह्याने राज्य चालविते, आणि काव्य येथेच संपते. कवीने राजाच्या नावे एकही शिव्याशाप दिलेला नाही. जिवंतपणी जो दिसला नाही, त्याचे मरणही कोणास दिसू नये, एवढ्यातच सारे येऊन गेले.

मराठ्यांच्या इतिहासातही याची छाया दिसते. १७४९ साली शाहू महाराज निवर्तल्यावर साताऱ्याच्या गादीचे नाव राहिले, पण राज्याचा कारभार पुण्यास गेला.

आज राजे नाहीत, मग हे काव्य कशास वाचावे, असे कोणी म्हणेल. परंतु आज राज्य प्रजेचे, म्हणजे राजे आपणच आहोत. मतदानाच्या दिवशी शाईसाठी बोट पुढे करावयाचे आणि नंतर ग्रामसभेकडे वर्षभर फिरकावयाचे नाही, हे गवाक्षातून पाऊल दाखविण्यासारखेच नव्हे काय? येत्या ग्रामसभेस आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आईबापांस आठवण करून द्यावी, आणि शक्य तर स्वतःही मागे बसून ऐकावे.