ऑब्स्टॅकल रेस: आधी पाय, मग पकड

‘आधी सहा महिने जिम, मग रेस’ हे बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. भिंती, दोर, वाळूच्या गोण्या असे फोटो पाहिले की दंड कमावल्याशिवाय तिथे आपला निभाव लागायचा नाही असंच वाटतं. पण ही मुळात पळण्याची शर्यत. ‘स्पार्टन’ या शर्यतमालिकेतल्या ‘स्प्रिंट’मध्ये ५ किलोमीटर आणि २० अडथळे असतात, ‘बीस्ट’मध्ये २१ किलोमीटर आणि ३०. म्हणजे बराचसा वेळ पायांवरच जातो. सुरुवात आठवड्यातून तीनदा, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने पळण्यापासून करावी. त्यातलं एक पळणं चढावर. पुणेकरांना वेताळ टेकडी आयतीच आहे.

दोर हाताच्या ताकदीवर चढतात, हा तर सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. नवखा माणूस हातांनी ओढत सुटतो, पाय हवेत, आणि अर्ध्या वाटेत बोटं उघडतात. दोर उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने खाली सोडावा, डाव्या पायाने तो उजव्या तळव्याखालून उचलून बुटाच्या वर आणावा आणि डाव्या पायानेच दाबून धरावा. आता या पकडीवर चक्क उभं राहता येतं. हात फक्त वर सरकवायचे, गुडघे छातीशी घ्यायचे, पुन्हा पकड, पुन्हा उभं. उतरताना घसरत येऊ नये, तळहात सोलून निघतात. (दोरीच्या मल्लखांबात अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोरी धरतात; बुटांत ती सोय नाही, पण भार पायांवर घ्यायची युक्ती तीच.)

हाताची तयारी लागते ती पकडीची, आणि त्याला बागेतला आडवा बार पुरतो. पुल-अप येत नसला तरी बिघडत नाही. दहा-पंधरा सेकंद नुसतं लोंबकळायचं, एक दिवसाआड, हळूहळू मिनिटापर्यंत. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर सुट्टी घ्यावी. स्नायूंपेक्षा कंडरा सावकाश तयार होतात. हातमोजे घेऊ नयेत, ओले झाले की बारवरून सटकतात. सुती टी-शर्टही नको, तो पाणी पिऊन जड होतो.

अडथळा जमला नाही म्हणजे बाद, असंही नाही. स्पार्टनमध्ये पूर्वापार शिक्षा ३० बर्पींची, काही ठिकाणी जादा फेरी. ‘टफ मडर’ या दुसऱ्या शर्यतमालिकेत तर अडथळा वगळता येतो, आणि अनोळखी माणसाच्या खांद्यावर पाय देऊन भिंत चढणं तिथे रीतीला धरूनच आहे.

शर्यतीतल्या चिखलाने काही होत नाही, हा उलट्या बाजूचा गैरसमज. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात अशाच एका शर्यतीनंतर २२ जणांना कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूचा संसर्ग झाल्याचं नोंदलं गेलं. संशय पोटात गेलेल्या गढूळ पाण्यावर होता. तेव्हा तोंड मिटून ठेवावं, ताजी जखम असेल तर चिखलात उतरू नये. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस) भर पडते. शर्यतीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर चिखलात उतरला होतात हे डॉक्टरांना आपणहून सांगा.