रिकामी होडी, मनाचा उपवास

इसवी सन ६४१च्या सुमारास ह्युएन त्संग हा चिनी बौद्ध भिक्षू महाराष्ट्रात आला. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी तेव्हा राज्य करीत होता. इथली माणसे उपकाराला जागतात आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असे त्याने नोंदवून ठेवले. हे निरीक्षण आपण शाळेपासून अभिमानाने ऐकत आलो आहोत. त्याच भिक्षूच्या आयुष्यातला पुढचा एक प्रसंग मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तो चीनला परतल्यानंतर कामरूपचा, म्हणजे आजच्या आसामचा, राजा भास्करवर्मन याने चिनी दूताकडे लाओत्से या प्राचीन चिनी ज्ञात्याच्या ग्रंथाचा संस्कृत अनुवाद मागितला. ६४७ साली सम्राट ताइत्सुंगने ते काम ह्युएन त्संगवर सोपवले आणि त्याच्या जोडीला ताओपंथी पंडित दिले. बौद्ध आणि ताओपंथी यांच्यात अर्थावरून कडाक्याचे वाद झाले. तो अनुवाद आज उपलब्ध नाही.

ताओचा, म्हणजे सृष्टीच्या सहज वाटेचा, विचार भारतीय भाषेत आणण्याचा हा प्रयत्न पावणेचौदाशे वर्षांपूर्वीचा आहे. त्यातले भांडण मला बोलके वाटते. संज्ञा, व्याख्या आणि सिद्धांत यांच्या वाटेने ताओकडे गेले की पंडितही अडखळतात. त्या परंपरेने स्वतःसाठी निवडलेली वाट निराळी होती. आधी एक कल्पित गोष्ट सांगायची आणि मग शांत बसायचे. ही वाट मराठी वाचकाला परकी नाही, आणि पनवेलसारख्या डोळ्यांदेखत बदलणाऱ्या गावात तर तिची आज गरज आहे, हे मला या लेखात सांगायचे आहे.

दोन ग्रंथ

लाओत्सेच्या नावावरचे ‘ताओ ते चिंग’ जेमतेम पाच हजार चिनी अक्षरांचे, ८१ छोट्या प्रकरणांचे पुस्तक आहे. तो चौ राजांच्या दप्तरखान्याचा रखवालदार होता, राज्याची अवनती पाहून पश्चिमेकडे निघाला आणि सीमेवरच्या नाकेदाराने अडवून लिहायला लावले म्हणून हा ग्रंथ झाला, अशी कथा इतिहासकार सुमा च्येन सांगतो. कथेचा नायक ऐतिहासिक होता की नाही यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ग्रंथ मात्र जुना आहे. १९७३ साली मावांगत्वी येथे इ. स. पू. १६८च्या थडग्यात त्याच्या रेशमावर लिहिलेल्या प्रती सापडल्या. १९९३ साली क्वोत्येन येथे त्याहूनही जुन्या, इ. स. पू. ३००च्या आसपासच्या बांबूपट्ट्यांवर त्यातला बराच भाग मिळाला.

दुसरा ग्रंथ च्वांगत्सेचा. हा इ. स. पू. चौथ्या शतकातला माणूस. लाखेच्या झाडांच्या बागेवरची किरकोळ नोकरी त्याने केली, असे सुमा च्येन लिहितो. आज मिळणाऱ्या त्याच्या ग्रंथात ३३ प्रकरणे आहेत. ती क्वो श्यांग या भाष्यकाराने निवडून लावली, इ. स. ३१२ साली तो वारला. त्यातली पहिली सात प्रकरणे च्वांगत्सेच्या स्वतःच्या विचाराला सर्वांत जवळची मानतात. लाओत्से सूत्रे देतो, च्वांगत्से गोष्टी सांगतो. सत्ताविसाव्या प्रकरणात तर ग्रंथ स्वतःच कबूल करतो की आपल्यातले दहापैकी नऊ भाग बोलणे दुसऱ्याच्या तोंडी घातलेले आहे. म्हणजे कल्पित कथा हीच इथे शिकवणीची रीत आहे.

गोष्ट सांगून थांबणे

त्यातली एक गोष्ट होडीची. एक माणूस नदी ओलांडत आहे. प्रवाहात वाहत आलेली रिकामी होडी त्याच्या होडीवर आदळते. माणूस कितीही तापट असला, तरी तो रागावत नाही. तीच होडी आदळताना तिच्यात कोणी बसलेले दिसले, तर तो ओरडतो, पुन्हा ओरडतो आणि तिसऱ्या खेपेला शिव्या देतो. धक्का तोच असतो. राग येतो तो समोर कोणीतरी आहे या जाणिवेमुळे. कळंबोलीच्या चौकात संध्याकाळी अडकलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट झाडाची. श नावाचा सुतार शिष्यांसह ची राज्यातून जात असतो. ग्रामदेवतेच्या ठाण्याजवळ एक अवाढव्य वृक्ष उभा असतो. बघ्यांची गर्दी असते, पण सुतार वळूनही पाहत नाही. होडी केली तर बुडेल, पेटी केली तर कुजेल, खांब केला तर किडेल. निरुपयोगी लाकूड, असे तो शिष्याला सांगतो. रात्री तो वृक्ष त्याच्या स्वप्नात येतो आणि विचारतो, की फळझाडांच्या फांद्या त्यांच्या उपयोगापायीच मोडतात, मग माझी तुलना तू त्यांच्याशी का करतोस? निरुपयोगी होण्यासाठीच तर मी इतकी वर्षे धडपडलो.

हे वाचताना आपल्या देवराया आठवतात. देवाच्या नावाने राखलेली, कुऱ्हाड न लागलेली ती राने माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पायी हिंडून नोंदवली. बाजारभावाने ज्यांची किंमत शून्य, त्याच रानांत जुने वेल आणि दुर्मीळ वृक्ष टिकून राहिलेले त्यांना आढळले. च्वांगत्सेच्या वृक्षाचे ठाणेही देवाजवळच आहे, हे साम्य मला फार मोलाचे वाटते.

गोष्ट सांगून शिकवण्याची परंपरा मराठीच्या आरंभापासून आहे. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात एकत्र केले. त्यात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची मांडणी तीन पायऱ्यांची: आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीचा अर्थ साधकाच्या जीवनाला लावून दाखवणे. च्वांगत्से बहुधा ही तिसरी पायरी गाळतो. स्वप्नात फुलपाखरू झालेला माणूस जागा होतो आणि आपण माणूस आहोत की माणसाचे स्वप्न पाहणारे फुलपाखरू, हे त्याला ठरवता येत नाही. गोष्ट तिथे जवळजवळ संपते. दार्ष्टांतिक वाचकाने स्वतः करायचे असते, आणि ते विचार करून होत नाही, त्यासाठी बसावे लागते. ताओपरंपरेत कल्पित कथा आणि ध्यान यांचा सांधा इथे आहे.

मनाचा उपवास

च्वांगत्सेच्या ग्रंथात ध्यानाची जी दोन प्रसिद्ध वर्णने आहेत, तीही कल्पित संवादांतच येतात. त्यांतली पात्रे आहेत कन्फ्यूशियस आणि त्याचा लाडका शिष्य येन ह्वी. चौथ्या प्रकरणात शिष्य एका जुलमी राजाला सुधारायला निघाला आहे. गुरू त्याला आधी मनाचा उपवास करायला सांगतो. शिष्य म्हणतो की आम्ही गरीब, महिनोन्महिने मद्यमांस वर्ज्यच आहे. गुरू सांगतो की तो उपवास यज्ञापूर्वीचा, मी म्हणतो तो वेगळा. कानांनी ऐकू नकोस, मनाने ऐक. पुढे मनानेही ऐकू नकोस, श्वासात वाहणाऱ्या प्राणाने ऐक, कारण तो रिकामा असतो आणि समोर येईल त्याची वाट पाहतो. सहाव्या प्रकरणात गुरुशिष्यांची जागाच बदलते. येन ह्वी येऊन सांगतो की मी भूतदया विसरलो, मग विधी आणि संगीत विसरलो, आणि आता बसल्या बसल्या सर्वच विसरतो. कन्फ्यूशियस दचकतो आणि त्याचाच शिष्य व्हायला तयार होतो.

या बसून विसरण्याचे पुढे शास्त्र झाले. थांग काळातल्या सुमा छंगचन या ताओपंथी आचार्याने त्यावर प्रबंध लिहिला आणि सात पायऱ्या सांगितल्या: श्रद्धा, गुंते तोडणे, मन आवरणे, कामे कमी करणे, यथार्थ पाहणे, गाढ स्थैर्य आणि ताओची प्राप्ती. या आचार्याचा जन्म ६४७ सालचा, म्हणजे ह्युएन त्संगला संस्कृत अनुवादाची आज्ञा झाली त्याच वर्षाचा. त्याच्या यादीतली चौथी पायरी मला विशेष महत्त्वाची वाटते. दिवसातली अनावश्यक कामे न काढता नुसते आसन घालून बसणाऱ्याला तो पुढे जाऊ देत नाही.

पुण्यातला च्वांगत्से

आधुनिक काळात ताओच्या गोष्टी आणि ध्यान एकत्र आणण्याचा सर्वांत मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. ओशो, म्हणजे तेव्हाचे आचार्य रजनीश, यांनी १९७१ साली मुंबईत लाओत्सेवर हिंदीत बोलायला सुरुवात केली. पुढे वाढत गेलेली ही १२७ प्रवचने ‘ताओ उपनिषद’ या नावाने प्रसिद्ध आहेत. मार्च १९७४मध्ये ते पुण्याला कोरेगाव पार्कात आले. त्याच वर्षी जुलैत त्यांनी च्वांगत्सेच्या गोष्टींवर इंग्रजीत प्रवचनमाला दिली. तिचे नावच ‘द एम्प्टी बोट’, रिकामी होडी. १९७५ साली पुन्हा लाओत्से, १९७७ साली ल्येत्से हा आणखी एक ताओपंथी, १९७८ साली ‘सोनेरी फुलाचे रहस्य’ हा ध्यानग्रंथ. त्यांच्या निवासाचे नाव लाओत्से हाउस, आणि १९ जानेवारी १९९० रोजी निधन झाल्यावर त्यांची समाधी झाली ती त्याच घरातल्या च्वांगत्से सभागृहात.

त्यांच्या आश्रमाभोवती आणि अनुयायांच्या कारभाराभोवती गंभीर वाद झाले. ते विसरण्याचे कारण नाही. तरीही प्राचीन चिनी गोष्ट आधी ऐकायची आणि मग ध्यानाला बसायचे, ही जोडणी त्यांनी हजारो श्रोत्यांपर्यंत पोहोचवली, हे मान्य केले पाहिजे. मर्यादा होती ती भाषेची. च्वांगत्सेसाठी त्यांच्यासमोर अमेरिकन संन्यासी टॉमस मर्टन याचे १९६५चे पुस्तक होते. मर्टनला चिनी येत नव्हते. त्याने युरोपीय भाषांतल्या अनुवादांवरून आपली रूपे रचली. इतक्या हातांतून आलेला च्वांगत्से रसाळ असला, तरी त्याची मूळची खाचखोच बरीच बुजलेली असते.

गागोद्यापासून पनवेलपर्यंत

ताओचा सर्वांत गैरसमजाचा विचार म्हणजे न करता करणे. आळसाला तत्त्वज्ञानाचे पांघरूण, असा त्याचा अर्थ लावला जातो. च्वांगत्सेचा खाटीक तो खोडून काढतो. त्याची सुरी १९ वर्षे वापरूनही नवी राहते, कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातल्या मोकळ्या जागेतून पाते फिरवतो. अवघड जागी आला की थांबतो, नजर स्थिर करतो आणि हात अगदी सावकाश चालवतो. या सहजतेमागे वर्षांची मेहनत आहे.

मराठीत या विचाराचे सर्वांत सोपे विवेचन पनवेलच्या शेजारच्या पेण तालुक्यात जन्मलेल्या माणसाने केले. विनोबांचे जन्मगाव गागोदे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. कर्माला आतून मनाची जोड मिळाली की त्याचे ओझे उरत नाही, ते अकर्म होते, असे विनोबा तिथे मांडतात आणि सूर्याचा दाखला देतात. सूर्य उगवतो, सारी सृष्टी कामाला लागते, आणि आपण काही केले याची त्याला जाणीवही नसते. ‘गीताप्रवचने’चा चौथा आणि पाचवा अध्याय वाचलेल्या माणसाला लाओत्से अर्धा कळलेला असतो.

आता पनवेल. विमानतळासाठी या तालुक्यात उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, गावे उठून दुसरीकडे वसली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यातून रोजगार येईल, सोय होईल, आणि ते हवेच आहे. पण च्वांगत्सेच्या सातव्या प्रकरणाच्या शेवटची गोष्ट इथे प्रत्येकाने वाचावी. दक्षिणेचा आणि उत्तरेचा सम्राट मधल्या प्रदेशाच्या हुन्तुन नावाच्या सम्राटाकडे नेहमी भेटत. तो त्यांचे मनापासून आदरातिथ्य करी. त्याला डोळे, कान, नाक, तोंड काहीच नव्हते. उपकाराची फेड म्हणून दोघांनी ठरवले, की सर्वांना असतात तशी सात छिद्रे यालाही पाडून देऊ. रोज एक पाडले. सातव्या दिवशी हुन्तुन मेला.

या कथेत दुष्ट कोणीच नाही. हेतू चांगला होता आणि कामही शिस्तीने झाले. पाहुणचार करणारा जसा आहे तसाच पुरेसा आहे, एवढेच त्यांना दिसले नाही. खाडीकाठची खारफुटी, भातखाचरे, मिठागरे यांना आपण पडीक म्हणतो, तेव्हा आपण तिसरे की चौथे छिद्र पाडत असतो, हे विचारण्याची सवय ही गोष्ट लावते.

वाचकांना

कर्नाळ्याचे अभयारण्य पनवेलपासून जवळ आहे, १२ चौरस किलोमीटरहून थोडेसेच मोठे. तिथे जमले नाही, तर घराची गच्चीही चालेल. च्वांगत्सेची एकच गोष्ट सावकाश वाचा. अर्थ शोधू नका. पुस्तक मिटून वीस मिनिटे ताठ पण सैल बसा आणि श्वास जसा चालतो तसा चालू द्या. ताओपंथातले श्वास रोखण्याचे आणि शरीरात शक्ती फिरवण्याचे प्रगत प्रकार मात्र पुस्तक वाचून करू नका. त्यांना जाणता शिक्षक लागतो. एका आठवड्याला एक गोष्ट पुरे.

आणि एक मागणी विद्यापीठांकडे आणि प्रकाशकांकडे. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी मूळ पाली लुप्त झालेला ‘विमुत्तिमग्ग’ हा ध्यानग्रंथ चिनी भाषांतरावरून अभ्यासला आणि १९३७ साली पाली ‘विसुद्धिमग्ग’शी त्याची तुलना पुण्यातून प्रसिद्ध केली. चिनी शिकून थेट मुळाला भिडणारा अभ्यासक मराठी मातीत झाला आहे, पुन्हाही होऊ शकतो. च्वांगत्सेची पहिली सात प्रकरणे थेट चिनीवरून, टिपांसह, साध्या मराठीत आणि परवडेल अशा किमतीत घरोघरी पोहोचली पाहिजेत. पनवेलच्या वाचनालयांनी त्याची वाट न पाहता महिन्यातून एक संध्याकाळ एका गोष्टीसाठी आणि अर्ध्या तासाच्या शांततेसाठी राखून ठेवावी. त्याला खर्च काहीच नाही.