पिंजोरला वाढणारी गिधाडं

पिंजोरच्या जटायू संवर्धन प्रजनन केंद्रात बकरा आणला की त्याला त्याच दिवशी कापत नाहीत. निदान आठवडाभर तो आवारातच राहतो, खातो-पितो. विकणाऱ्याने त्याला कधी दुखण्या-सुजेवरचं इंजेक्शन टोचलं असेल, तर ते त्याच्या अंगातून पुरतं निघून जावं म्हणून ही सवड. मग तो कापतात, सोलतात आणि गिधाडांपुढे टाकतात. एरवी चार दिवसांचं सडकं ढोर खाऊन ठणठणीत राहणारा पक्षी हा. त्याच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र की काळपुळीसारख्या रोगाचे जंतूही त्याला सहसा बाधत नाहीत. अशा पक्ष्याच्या ताटातलं मांस इतकं पारखून का घ्यावं लागतं, हे कळलं की या केंद्राचं काम काय ते कळतं.

हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात, शिवालिकच्या पायथ्याशी, बीर शिकारगाह अभयारण्याच्या कडेला हे केंद्र आहे. जागा पाचेक एकर. हरियाणा वनखातं आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, म्हणजे मुंबईत १८८३ साली सुरू झालेली आपली बीएनएचएस, या दोघांनी मिळून ते उभं केलं. आत जाळीची मोठमोठी दालनं आहेत: शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद, वीस फूट उंच. गिधाडांना पंख पसरून उडता यावं आणि वस्तीने घरटी बांधता यावीत, एवढी ऐसपैस. हौशी पाहुण्यांना इथे प्रवेश नाही. माणसाची सवय झालेलं गिधाड पुढे रानात सोडायचं कसं? म्हणून कर्मचारीसुद्धा बराचसा वेळ कॅमेऱ्याच्या पडद्यावरूनच त्यांच्यावर लक्ष ठेवतात.

या कहाणीची सुरुवात राजस्थानात, भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात झाली. बीएनएचएसचे डॉ. विभू प्रकाश १९८० च्या दशकात तिथे शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८ च्या हंगामात त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली. १९९६ साली ते पुन्हा तिथे आले, तेव्हा निम्म्याहून जास्त घरटी नाहीशी झाली होती. काही झाडांवर मान खाली लोंबकळत असलेली गिधाडं बसलेली दिसायची. दिवसेंदिवस तशीच बसून राहायची आणि मग फांदीवरून कोसळायची. काहींची कलेवरं फांद्यांतच अडकलेली असत. पुढे काही वर्षांत भरतपूरची ही वस्ती संपलीच. देशभर चित्र तेच होतं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून जवळजवळ ९७ टक्क्यांनी. हजारात एक उरला, असं आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. इथे ते मोजून दाखवलेलं सत्य होतं.

पहिला संशय साथीच्या रोगावर गेला, आणि तो रास्तच होता. भारत, नेपाळ, पाकिस्तान असा पसारा, इतका झपाटा, मरण्याआधीची लक्षणं सारखी. कुठला तरी नवा विषाणू असणार, असं बहुतेकांना वाटलं. २००१ साली पिंजोरला सुरू झालं तेही गिधाड शुश्रूषा केंद्रच होतं. आजारी पक्षी आणायचे, त्यांच्यावर उपचार करायचे, रोगाचं मूळ शोधायचं, असा हेतू. प्रजनन केंद्र हे रूप त्याला २००४ मध्ये आलं, आणि तोवर रोगाबद्दलची समजूतच पालटलेली होती.

ती पालटली पाकिस्तानातल्या पंजाबात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य लिंडसे ओक्स पेरेग्रीन फंडाच्या पथकाबरोबर तिथे मेलेली गिधाडं उघडून बघत होते. बहुतेकांच्या आत एकच दृश्य: हृदय, यकृत, आतडी यांच्यावर पांढरा थर, चुन्याचा हात फिरवल्यासारखा. तो थर युरिक आम्लाचा. पक्ष्यांची मूत्रपिंडं हे आम्ल बाहेर टाकतात. ती बंद पडली की ते रक्तात साठतं आणि अवयवांवर स्फटिक होऊन बसतं. मूत्रपिंडं निकामी झालेली होती हे स्पष्ट होतं. पण कशाने? विषाणू, जिवाणू, कीटकनाशकं, शिसं, पारा, सगळं तपासून झालं, काहीच सापडेना. तेव्हा पथकाने प्रश्न फिरवला. गिधाडं गुराढोरांचं मांस खातात. तर या गुरांना आपण काय काय देतो? गुरांचे डॉक्टर आणि औषधांची दुकानं पालथी घातल्यावर एक नाव पुढे आलं: डायक्लोफेनॅक. माणसांच्या गुडघेदुखीवरचंच हे औषध, नव्वदच्या दशकात स्वस्त झालं आणि गुरांसाठीही सर्रास वापरलं जाऊ लागलं होतं.

मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत हे औषध तपासलं गेलं. पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत ते सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांत एकाच्याही अंगात नव्हतं. मग औषध टोचलेल्या जनावरांचं मांस गिधाडांना घालून बघितलं, आणि तेच मरण, तोच पांढरा थर पुन्हा दिसला. २००४ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. परिस्थितीशास्त्राच्या इतिहासात इतका निखळ पुरावा क्वचितच मिळतो. ओक्स २०११ मध्ये वारले. आपल्या उपखंडावर त्यांचं ऋण आहे आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढचं गणित अधिकच अस्वस्थ करणारं आहे. सगळीच ढोरं विषारी असायची गरज नव्हती. शंभर मेलेल्या ढोरांत एखाद्याच्याच अंगात मारक मात्रा असली, तरी गिधाडांचा असा नायनाट होऊ शकतो, असं ब्रिटिश शास्त्रज्ञ ऱ्हीस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी मांडून दाखवलं. एका म्हशीवर डझनांनी गिधाडं उतरतात. मांसात विष असेल तर पंगतच्या पंगत जाते. आणि गिधाडाची जोडी वर्षाला घालते एकच अंडं. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. गेलेली पंगत भरून काढणं या पक्ष्याला जमतच नाही. प्रत्यक्षात भारतात गोळा केलेल्या नमुन्यांत दहापैकी सुमारे एका ढोरात डायक्लोफेनॅक निघत होतं.

यात शेतकऱ्याला दोष देऊ नये. पेरणी तोंडावर आलेली, बैलाचा पाय सुजलेला. अशा वेळी माणूस इंजेक्शन देणारच, आणि ते त्याने द्यावंच. प्रश्न कुठलं द्यावं एवढाच होता. त्याचं उत्तर लवकर मिळालं: मेलॉक्सिकॅम. २००६ मध्ये ते गिधाडांना निर्धोक असल्याचं सिद्ध झालं. त्याच वर्षी भारताने गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली.

तरी माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या बाजारात होत्याच, आणि त्या गोठ्यात पोचत राहिल्या. तीस मिलिलिटरची बाटली माणसाला कशाला लागते? २०१५ मध्ये सरकारने माणसांसाठीचं इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतं मर्यादित केलं. औषध कंपन्या कोर्टात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सरकारचा निर्णय कायम ठेवला. तोवर दुकानांत दुसरी औषधं आली होती. त्यातलं एसिक्लोफेनॅक तर गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं. २०२३ मध्ये त्याच्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी आली, २०२४ च्या अखेरीस निमेस्युलाइडवर.

यातली प्रत्येक बंदी कुणी तरी आधी प्रयोग करून धोका सिद्ध केला म्हणूनच येऊ शकली. पिंजोरच्या कामाचा हा भाग फारसा कुणाला ठाऊक नसतो. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेबरोबर इथे औषधं तपासली जातात. त्यासाठी संकटात सापडलेल्या तीन जातींऐवजी हिमालयीन गिधाड वापरतात. ते त्यांचं जवळचं नातेवाईक आहे आणि त्याची संख्या त्यामानाने बरी आहे. मोजून औषध द्यायचं, ठरल्या वेळी रक्त घ्यायचं, युरिक आम्ल चढतंय का ते बघायचं. टॉल्फेनॅमिक आम्ल सुरक्षित ठरलं ते याच चाचण्यांत. एका पक्ष्याचा जीव धोक्यात घालून लाखोंचा वाचवायचा, हा निर्णय करणाऱ्यांना सोपा नसणार. तरीही तो योग्य आहे, असं माझं मत आहे.

प्रजननाचं काम मात्र सगळं धीराचं. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे लिंग ओळखायला डीएनए तपासावा लागतो. जोड्या जुळवून देता येत नाहीत. त्या आपल्या त्या जुळतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं रानात उंच झाडांवर घरटी बांधतात, लांब चोचीची कड्यांच्या कपारीत. दालनात त्यांच्यासाठी तशा जागा करून दिलेल्या आहेत. आई-बाप आळीपाळीने जवळजवळ दोन महिने अंडं उबवतात, नंतर पिल्लाला पोटातलं अन्न काढून भरवतात, आणि ते उडायला लागायला आणखी तीन-चार महिने जातात. पिंजोरचं पहिलं पिल्लू असं उडण्याजोगं झालं ते २००८ मध्ये. पुढे कर्मचाऱ्यांनी एक युक्ती साधली: जोडीने घातलेलं पहिलं अंडं हलकेच काढून उबवणी यंत्रात ठेवायचं, म्हणजे मादी दुसरं अंडं घालते. वर्षाला एकाऐवजी दोन. गिधाडाच्या हिशेबात ही मोठीच कमाई आहे. बारीक चोचीचं गिधाड तर पिंजऱ्यात कुणी कधी वाढवलेलंच नव्हतं. तेही पिंजोर आणि बंगालमधल्या राजाभातखावा या केंद्रांनी साधलं. आसामात राणी आणि भोपाळजवळ केरवा इथेही आता अशी केंद्रं आहेत. पिंजोरला पुढे तीनशेहून अधिक गिधाडं झाली.

मग सोडत का नाहीत, असं लोक विचारत. कारण साधं होतं: बाहेरचं मांस अजून विषारी होतं. वीस-पंचवीस वर्षं जगू शकणारा पक्षी वाढवून त्याला पहिल्याच आठवड्यात विष खायला पाठवायचं नव्हतं. २०१६ मध्ये दोन हिमालयीन गिधाडं सोडून रंगीत तालीम झाली. पांढऱ्या पाठीची आठ गिधाडं ऑक्टोबर २०२० मध्ये सोडली गेली, अंगावर मागोवा घेणारी यंत्रं बांधून. पहिलं पिल्लू वाढल्यापासून ही जवळजवळ बारा वर्षं. या संस्थेची सगळ्यात मोठी करामत मला हीच वाटते की निधी देणारे, मंत्री, वर्तमानपत्रं सगळे विचारत असतानाही तिने घाई केली नाही.

महाराष्ट्राचा संबंध इथे थेट येतो. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची वीस गिधाडं विदर्भात आली: दहा पांढऱ्या पाठीची ताडोबाला, दहा लांब चोचीची पेंचला. तिथल्या दालनांत काही महिने हवापाण्याला सरावल्यावर त्यांना सोडलं. ताडोबातलं एक गिधाड कुठल्या कुठे भटकत थेट तमिळनाडूत पोचलं. गिधाडाचा आवाका असा असतो. ताडोबाभोवतीची औषधांची दुकानं स्वच्छ करून भागत नाही, वाटेतल्या प्रत्येक राज्यातली करावी लागतात. आपल्याकडे रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावला स्थानिक मंडळींनी पांढऱ्या पाठीची वस्ती नेटाने जपली आहे, नाशिकच्या हरसूल भागात आदिवासी गावकऱ्यांनी मेलेली जनावरं गिधाडांसाठी ठेवायची जागा केली. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाज मृतदेह गिधाडांसाठी दख्म्यात ठेवत आला; गिधाडं उरली नाहीत म्हणून तिथे सौर आरसे बसवावे लागले. गिधाडं जाण्याचा घाव एका धर्मविधीलाच बसला.

गिधाडं गेल्यावर रानात आणि गावात काय होतं, यावर आता भरपूर संशोधन झालं आहे. केनियात डार्सी ओगाडा यांनी गिधाडांना मज्जाव करून मृत जनावरं ठेवली. ती कुजून संपायला सुमारे तिप्पट वेळ लागला आणि तिथे येणारे सस्तन प्राणी, त्यांच्या एकमेकांशी होणाऱ्या भेटी, तिपटीने वाढल्या. रोग पसरायला अशाच भेटी लागतात. भारतात ती जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली. कुत्र्यांबरोबर रेबीज येतो, आणि कॅनाइन डिस्टेम्परही, ज्याने २०१८ मध्ये गीरचे सिंह मारले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी गिधाडं भरपूर असलेले आणि मुळातच कमी असलेले जिल्हे त्यांनी पडताळून पाहिले. गिधाडं गेलेल्या जिल्ह्यांत माणसांचं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांहून जास्त वाढलं होतं. २००० ते २००५ या काळात मिळून सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. गावाबाहेर टाकलेलं ढोर, त्याचं विहिरीत आणि ओढ्यात झिरपणारं पाणी, त्यावर जमणारी कुत्री: हे सगळं त्या आकड्यात आहे.

तरीही गुरांसाठी नवं औषध बाजारात आणण्याआधी त्याची गिधाडांवर चाचणी झालीच पाहिजे, असा नियम व्हावा म्हणून संशोधकांना अजून मागणीच करावी लागते आहे. आजवर क्रम उलटा राहिला: औषध आधी गोठ्यात, मग ढोरात, मग गिधाडात, आणि बंदी कित्येक वर्षांनी. डायक्लोफेनॅकपासून निमेस्युलाइडपर्यंत हेच घडलं. तपासायची पद्धत आपल्याकडे आहे, ती जाणणारी माणसं पिंजोरला आणि बरेलीला आहेत. औषधाच्या परवान्याच्या अर्जात त्या चाचणीसाठी एक रकाना असायला हवा.